वाहनातील धोकासूचना : यंत्राचा इशारा आणि चालकाची प्रतिक्रिया

केंद्रीय रस्ते परिवहन व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्या. म्हणजेच दर तासाला सरासरी १९ माणसे रस्त्यावर प्राण गमावत होती. घरातील कमावती व्यक्ती गेल्यास कुटुंब कर्जात व दारिद्र्यात ढकलले जाते, हे लक्षात घेता रस्ते सुरक्षा हा केवळ वाहतुकीचा प्रश्न न राहता विकासाचा प्रश्न ठरतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे रस्ते सुरक्षेसाठीचे दुसरे कृतिदशक म्हणून घोषित केले असून, या काळात अपघाती मृत्यू व जखमींची संख्या निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

रस्ते सुरक्षेचे चार आधारस्तंभ मानले जातात : शिक्षण, अभियांत्रिकी, अंमलबजावणी आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा. यांपैकी अभियांत्रिकी म्हटले की रस्त्याची वळणे, दुभाजक, पूल यांचाच विचार प्रामुख्याने होतो. तथापि, वाहनाच्या आत चालकाला मिळणारा धोक्याचा इशारा हाही अभियांत्रिकीचाच भाग आहे. त्याची रचना करताना यंत्रशास्त्राइतकाच मानसशास्त्राचाही आधार घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात या विषयाची मूलतत्त्वे, त्यांतील अडचणी आणि भारतीय परिस्थितीतील त्यांचे उपयोजन यांचा आढावा घेतला आहे.

प्रतिक्रियाकाल : एका सेकंदाचे मोल

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाच्या मनात चार क्रिया घडतात. प्रथम डोळे किंवा कान धोक्याची संवेदना ग्रहण करतात. त्यानंतर मेंदू तिचा अर्थ लावतो. तिसऱ्या टप्प्यात भीती, घाई यांसारख्या भावनांचा प्रभाव पडतो आणि शेवटी कृतीचा निर्णय होतो. वाहतूक अभियांत्रिकीत या चार टप्प्यांना संवेदन, आकलन, भावना आणि इच्छा असे म्हणतात. या संपूर्ण क्रियेसाठी लागणारा काळ म्हणजे प्रतिक्रियाकाल होय. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांमध्ये महामार्गावरील थांबण्याचे दृश्य-अंतर ठरविताना हा काळ २.५ सेकंद गृहीत धरला जातो.

एका उदाहरणाने याचे महत्त्व स्पष्ट होईल. एक मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर या गतीने जात आहे आणि पुढे ६५ मीटरवर एक मालवाहू ट्रक बंद पडून उभा आहे. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला सेकंदी ६ मीटर इतका कमी होतो असे मानल्यास, वाहन थांबण्यास सुमारे ३३ मीटर लागतील. चालकाने १.५ सेकंदात ब्रेक दाबला, तर त्या काळात ३० मीटर अंतर कापले जाईल आणि एकूण ६३ मीटरवर वाहन थांबेल. तोच चालक अन्यमनस्क असल्याने त्याला २.५ सेकंद लागले, तर ब्रेक दाबण्यापूर्वीच ५० मीटर संपलेले असतील. उरलेल्या १५ मीटरमध्ये वाहन थांबू शकणार नाही आणि ते ताशी सुमारे ५३ किलोमीटर वेगाने ट्रकवर आदळेल. दोन्ही प्रसंगांत वाहन, रस्ता आणि ब्रेक तेच आहेत. फरक आहे तो केवळ एका सेकंदाचा. हा सेकंद वाचविणे हेच धोकासूचना यंत्रणेचे मुख्य प्रयोजन आहे.

इशाऱ्याचे तीन मार्ग

चालकापर्यंत इशारा पोहोचविण्याचे दृश्य, ध्वनी आणि स्पर्श असे तीन मार्ग आहेत. प्रत्येकाची बलस्थाने व मर्यादा वेगवेगळ्या आहेत.

दृश्यसूचना म्हणजे चालकासमोरील फलकावर उमटणारे दिवे व चिन्हे. लाल रंग म्हणजे तातडीचा धोका, पिवळा म्हणजे सावधगिरी आणि हिरवा किंवा निळा म्हणजे यंत्रणा सुरू असल्याची खूण, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. चिन्हाला भाषेची अडचण नसते आणि ते दीर्घकाळ दर्शविता येते. मात्र वाहन चालविणे हे मुळातच डोळ्यांचे काम आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर विकेन्स यांच्या बहुसंसाधन सिद्धान्तानुसार एकाच ज्ञानेंद्रियावर दोन कामांचा भार पडला, तर दोन्ही कामांची गुणवत्ता घसरते. रस्त्याकडे पाहणाऱ्या चालकाला त्याच क्षणी फलकाकडे पाहण्यास सांगणे म्हणूनच धोक्याचे ठरू शकते. ज्याची नजर अगोदरच रस्त्यावरून हटली आहे, त्याला तर दिवा दिसेलच याची खात्री नसते.

ध्वनिसूचनेला नजरेची दिशा आड येत नाही. शिवाय साध्या प्रयोगांत मनुष्य प्रकाशापेक्षा ध्वनीला किंचित लवकर प्रतिसाद देतो. तातडीच्या इशाऱ्यासाठी ध्वनी हा प्रमुख मार्ग मानला जातो, तो यामुळेच. परंतु गोंगाटात ध्वनी हरवतो आणि वारंवार वाजणारा ध्वनी त्रासदायक होतो.

स्पर्शसूचना म्हणजे स्टिअरिंग, आसन किंवा सीटबेल्ट यांतून दिले जाणारे कंपन. ते फक्त चालकालाच जाणवते, इतर प्रवाशांसमोर तो संकोचत नाही आणि त्यामुळे यंत्रणा बंद करण्याची प्रवृत्तीही कमी राहते. चार्ल्स स्पेन्स आणि क्रिस्टी हो या संशोधकांनी २००५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, धोक्याच्या दिशेने दिलेले कंपन किंवा ध्वनी चालकाचे लक्ष त्याच दिशेकडे त्वरेने वळवितो. डावीकडून धोका असेल तर डावी बाजू थरथरावी, हे तत्त्व यातून पुढे आले. महामार्गाच्या कडेला असलेल्या खडबडीत पट्ट्या हाही स्पर्शसूचनेचाच एक साधा आणि स्वस्त प्रकार होय.

ध्वनीची रचना कशी असावी?

इशारा जितका मोठा तितका चांगला, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये नागरी विमानांतील इशाऱ्यांचा अभ्यास करून रॉय पॅटरसन यांनी १९८२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, ती आजही आधारभूत मानली जातात. परिसरातील गोंगाटात ध्वनी जेमतेम ऐकू येण्याची जी पातळी असते, तिच्याहून इशारा किमान १५ डेसिबलने वर असावा. मात्र २५ डेसिबलहून अधिक वर नसावा. त्याहून मोठ्या आवाजाने मनुष्य दचकतो आणि आवाज बंद करण्याच्या धडपडीत धोक्याकडेच त्याचे दुर्लक्ष होते.

ज्युडी एडवर्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, ध्वनीतून जाणवणारी निकड तिच्या घटकांवर अवलंबून असते. स्वर उंच असेल आणि टोले जलद पडत असतील, तर निकड अधिक भासते. त्यामुळे सौम्य सूचना मंद लयीत व तातडीची सूचना जलद लयीत, अशी श्रेणी आखता येते.

ध्वनी अर्थपूर्ण असावा की केवळ सांकेतिक, हा पुढचा प्रश्न होय. रॉबर्ट ग्रॅहम यांनी १९९९ मध्ये केलेल्या प्रयोगात हॉर्न आणि टायर घासल्याचा आवाज यांना चालकांनी साध्या स्वरापेक्षा व शब्दांतील सूचनेपेक्षा लवकर प्रतिसाद दिला. मात्र धोका नसतानाही ब्रेक दाबण्याच्या चुका याच आवाजांना अधिक झाल्या. रॉब ग्रे यांनी २०११ मध्ये यावर एक वेगळा उपाय तपासला. समोरची वस्तू जवळ येताना जसा आवाज चढत जाईल, तशाच रीतीने वाढत जाणारा ध्वनी त्यांनी वापरला. या ध्वनीमुळे प्रतिसादाचा वेग आणि अचूकता यांचा चांगला मेळ साधला गेला. याचे मूळ मानवी दृष्टीच्या स्वभावात आहे. समोरील वस्तूची प्रतिमा डोळ्यांत किती वेगाने मोठी होते, यावरून मनुष्य टक्कर होण्यास उरलेला काळ अजमावतो, असे डेव्हिड ली यांनी १९७६ मध्येच मांडले होते.

शब्दांतील सूचना स्पष्ट असली तरी ती ऐकून पूर्ण होण्यास वेळ लागतो. ‘सीटबेल्ट लावा’ किंवा ‘दार उघडे आहे’ अशा सवडीच्या सूचनांसाठी ती योग्य आहे. टक्कर दोन सेकंदांवर आली असताना मात्र वाक्य उपयोगी पडत नाही.

खोटे इशारे आणि विश्वासाचा प्रश्न

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. धोकासूचना यंत्रणेची सर्वात मोठी अडचण नेमकी हीच आहे. तिचे गणिती स्वरूप समजून घेणे परीक्षार्थींना उपयुक्त ठरेल.

समजा, चालकाच्या मार्गात कोणतीतरी वस्तू येण्याचे १०,००० प्रसंग आले आणि त्यांपैकी केवळ १० प्रसंग खरोखर धोक्याचे होते. यंत्रणा हे दहाही प्रसंग ओळखते आणि उरलेल्या ९,९९० निर्धोक प्रसंगांपैकी फक्त एक टक्का वेळा चुकून वाजते, असे मानू. म्हणजे खरे इशारे १० आणि खोटे इशारे सुमारे १०० झाले. यंत्रणा ९९ टक्के अचूक असूनही दर अकरा इशाऱ्यांपैकी एकच खरा ठरतो. धोक्याचे प्रसंग मुळातच विरळ असल्यामुळे असे घडते. भारतीय वंशाचे संशोधक राजा परसुरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये टक्कर-सूचनेच्या संदर्भात हा मुद्दा ठळकपणे मांडला. इशाऱ्याची संवेदनशीलता वाढविली तर खोटे इशारे वाढतात आणि कमी केली तर खरा धोका निसटतो, हा पेच कोणत्याही रचनाकाराला चुकत नाही.

त्यावर दोन उपाय योजले जातात. पहिला, इशाऱ्यांची श्रेणी ठेवणे : आरंभी केवळ दिवा, धोका वाढल्यास ध्वनी आणि अखेरीस कंपन किंवा स्वयंचलित ब्रेक. दुसरा, चालकाची स्थिती लक्षात घेणे : चालकाचे डोळे रस्त्यावर असल्यास किंवा त्याने ब्रेक दाबण्यास सुरुवात केली असल्यास इशारा टाळणे. अमेरिकेतील विमा क्षेत्राच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, केवळ टक्कर-सूचना असलेल्या वाहनांत मागून धडक देण्याचे अपघात २७ टक्क्यांनी, तर सूचनेसोबत स्वयंचलित ब्रेक असलेल्या वाहनांत ५० टक्क्यांनी कमी आढळले. इशारा उपयुक्त असतो, परंतु तो ऐकणाऱ्या माणसाची मर्यादा त्याला ओलांडता येत नाही, असा याचा अर्थ आहे.

सीटबेल्टचा इशारा : एक उद्बोधक उदाहरण

त्रासदायक इशाऱ्याला समाज कसा प्रतिसाद देतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेत १९७४ च्या नव्या मोटारींना सीटबेल्ट लावल्याखेरीज इंजिन सुरू न होण्याची यंत्रणा बसविण्यात आली. नागरिकांचा रोष इतका वाढला की त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा करून अशी सक्ती रद्द केली आणि आठ सेकंदांहून अधिक काळ वाजणाऱ्या इशाऱ्याच्या सक्तीवरही बंदी घातली. उद्देश जीव वाचविण्याचा होता, परंतु लोकांची मानसिकता विचारात न घेतल्याने सुधारणा मागे पडली.

भारतातील अनुभवही विचार करावयास लावणारा आहे. २०२२ मध्ये सीटबेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. वाहन उद्योग मानक १४५ नुसार १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींमध्ये चालक व शेजारील प्रवाशासाठी सीटबेल्टचा इशारा, अतिवेगाचा इशारा आणि मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक करण्यात आली. तथापि, सीटबेल्टच्या खाचेत अडकवून इशारा गप्प करणाऱ्या धातूच्या पट्ट्या बाजारात सर्रास विकल्या जाऊ लागल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार कंपन्यांना या वस्तूंची विक्री थांबविण्याचे आदेश दिले आणि १३,००० हून अधिक जाहिराती काढून टाकण्यात आल्या. काही रुपयांच्या पट्टीने जीवरक्षक यंत्रणा निकामी व्हावी, हे केवळ तंत्रज्ञानाचे अपयश नव्हे. इशाऱ्यामागील कारण नागरिकाला पटलेले नसेल, तर तो इशाऱ्यालाच शत्रू मानतो. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील एक हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आणि जनजागृती यांची जोड म्हणूनच आवश्यक ठरते.

भारतीय रस्त्यांवरील आव्हाने

परदेशात विकसित झालेली यंत्रणा जशीच्या तशी भारतात आणल्यास ती अपुरी पडते. याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण मिश्र वाहतुकीचे. एकाच रस्त्यावर ट्रक, बस, रिक्षा, सायकल, बैलगाडी, पादचारी आणि मोकाट जनावरे असतात. शिस्तबद्ध मार्गिका गृहीत धरणारी यंत्रणा अशा ठिकाणी सतत वाजत राहते. मार्गिका सोडल्याचा इशारा देणारी यंत्रणा चालक स्वतःहून बंद करतात, असे अमेरिकेसारख्या देशातही २०१६ मधील पाहणीत दिसून आले. जेथे मार्गिकांचे पट्टेच पुसट आहेत, तेथे तिची उपयुक्तता आणखी कमी होणे स्वाभाविक आहे.

दुसरे कारण गोंगाटाचे. आपल्याकडे हॉर्न हा धोक्याचा इशारा न राहता ‘मी येत आहे’ असे सांगण्याचे नित्याचे साधन बनला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली, तीही याच कारणासाठी. हॉर्नसारख्या ध्वनीचा इशारा म्हणून वापर केल्यास भारतीय चालकाला तो बाहेरचाच वाटण्याची शक्यता अधिक. ट्रकच्या केबिनमध्ये तर इंजिन व वारा यांच्या आवाजात बारीक स्वर बुडून जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्मित मध्यम व जड मालवाहू वाहनांच्या केबिन वातानुकूलित असण्याची अट चालकाचा थकवा कमी करण्यासाठी आहे. बंद केबिनमुळे इशारा ऐकू येण्यासही तिची मदत होईल.

तिसरे कारण भाषेचे. बिहारमधील चालक तामिळनाडूत आणि पंजाबमधील चालक आसामात ट्रक नेतो. मालक, वाहन आणि चालक यांची भाषा एक असेलच असे नाही. त्यामुळे भाषेवर अवलंबून नसलेली चिन्हे, स्वर व कंपने यांना आपल्याकडे विशेष महत्त्व आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण न्यायाचे. २०२२ मधील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील व्यक्ती आणि १९.५ टक्के पादचारी होते. धोकासूचना यंत्रणा प्रामुख्याने महागड्या मोटारींत असते, तर मरणारे बहुसंख्य लोक मोटारीच्या बाहेर असतात. म्हणून यंत्रणेची चाचणी केवळ समोरच्या मोटारीला ओळखण्यापुरती मर्यादित न ठेवता, संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात रस्ता ओलांडणारा पादचारी आणि मागील दिवा नसलेली सायकल ओळखण्यासाठीही व्हावयास हवी. या कसोटीवर उतरलेली यंत्रणाच भारताच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येईल.

धोरणात्मक प्रयत्न

या दिशेने काही पावले पडली आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ कार्यक्रमामुळे मोटारींच्या सुरक्षिततेला तारांकित श्रेणी मिळू लागली आणि ग्राहकाला तुलना करणे शक्य झाले. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या प्रवासी व मालवाहू वाहनांसाठी स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक, चालकाच्या पेंगुळलेपणाची सूचना आणि मार्गिका सोडल्याची सूचना या यंत्रणा अनिवार्य करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पापण्या किती काळ मिटलेल्या राहतात, यावरून पेंग ओळखता येते. लांब व सरळ द्रुतगती मार्गांवर रात्री धावणाऱ्या बस व ट्रकसाठी अशी सूचना विशेष महत्त्वाची आहे.

नागपूर येथे २०२१ मध्ये सुरू झालेला ‘आय-रास्ते’ प्रकल्प अभ्यासनीय आहे. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, नागपूर महानगरपालिका आणि उद्योगक्षेत्र यांच्या सहकार्याने शहर बसगाड्यांमध्ये टक्कर-सूचना यंत्रणा बसविण्यात आली. या यंत्रणेचे इशारे कोणत्या ठिकाणी वारंवार वाजतात याची नोंद घेऊन, अपघातप्रवण होऊ पाहणारी ठिकाणे आधीच ओळखणे हा त्याचा विशेष होय. अशा रीतीने चालकाला मिळालेला इशारा नगर प्रशासनासाठीही इशारा ठरतो. मृत्यू घडल्यानंतर काळ्या ठिकाणांची यादी करण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच अधिक मानवीय आहे.

समारोप

धोकासूचना ही केवळ एक विद्युत-उपकरणाची जोडणी नसून यंत्र आणि मनुष्य यांच्यातील संवाद आहे. तो वेळेवर, स्पष्ट, प्रमाणबद्ध आणि विश्वासार्ह असेल तरच चालक त्याला दाद देतो. त्याच वेळी, चालकाने इशाऱ्यावर विसंबून स्वतःची सावधगिरी सोडणे हेही तितकेच घातक आहे. २०२२ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. वेग मर्यादित असेल तर इशाऱ्याने वाचविलेला सेकंद पुरेसा पडतो. वेग अमर्याद असेल तर कोणताही इशारा उशिराच येतो. रस्त्याची रचना, कायद्याची अंमलबजावणी, चालकांचे प्रशिक्षण व विश्रांती आणि वाहनातील यंत्रणा यांचा एकत्रित विचार झाला, तरच २०३० चे उद्दिष्ट दृष्टिपथात येईल.

सरावासाठी प्रश्न

१. प्रतिक्रियाकालातील चार टप्पे सांगून, वाहनातील धोकासूचना त्यांपैकी कोणत्या टप्प्यांवर परिणाम करते ते स्पष्ट करा.

२. ‘अचूक यंत्रणेचेही बहुतांश इशारे खोटे ठरू शकतात.’ या विधानाची उदाहरणासह चर्चा करा.

३. भारतातील मिश्र वाहतूक आणि अपघातातील मृतांचे स्वरूप लक्षात घेता, धोकासूचना यंत्रणेच्या मानकांमध्ये कोणत्या बाबींचा समावेश असावा? आपले मत सकारण मांडा.